देव शेजारी राहायला आला तेव्हा : एका अल्पायुषी मालिकेची आणि एका जुन्या कल्पनेची गोष्ट

१/ मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर उड्डाणपूल झाला नव्हता, तेव्हाची आठवण. मालगाडी जाईपर्यंत थांबायचे, डबे मोजायचे, आणि मोजून झाले की पुढच्या वाहनाची मागची काच वाचायची. दर तीन-चार वाहनांआड एका काचेवर तेच वाक्य असे : 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे.' अक्कलकोटच्या स्वामी समर्थांच्या नावाने महाराष्ट्रभर रिक्षांवर आणि ट्रकांवर दिसणारे हे वाक्य. त्यातली एक गंमत मला लहानपणी फार आवडे. ज्या चालकाला हा धीर दिलेला असतो, तो पुढे तोंड करून बसलेला असतो. त्याला ते वाक्य कधी दिसतच नाही. ते दिसते मागे अडकलेल्या आपल्याला.

२/ आता कल्पना करा, की पाठीशी असलेला हा कोणी एके दिवशी पुढे आला, घरातल्या सोफ्यावर बसला आणि चहा मागू लागला. या कल्पनेवर जगात अनेक विनोदी मालिका झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक लवकर बंद पडल्या. मराठीतही एक झाली. तिचीही गत तीच. आजचा धागा त्या मालिकेविषयी आहे. पण तेवढ्यासाठी आपल्याला अठराव्या शतकातल्या ताहराबादपर्यंत, आणि तिथून मंगळवेढ्यापर्यंत जावे लागणार आहे.

३/ मालिकेचे नाव 'देवाशप्पथ'. वाहिनी झी युवा. ही वाहिनी ऑगस्ट २०१६ मध्ये तरुण प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून सुरू झाली होती, आणि २०१७ च्या अखेरीस तिने ही मालिका आणली. देवभोळ्या घरात वाढलेला, पण स्वतः देव न मानणारा श्लोक नावाचा तरुण आणि त्याच्या आयुष्यात माणसाच्या रूपाने अवतरलेला कृष्ण, अशी ही जोडी. श्लोक झाला होता संकर्षण कऱ्हाडे आणि देव झाला होता क्षितिश दाते. दोघेही रंगभूमीवर तयार झालेले, विनोदाची नेमकी जाण असलेले नट. पुढच्याच वर्षी, काही महिन्यांत, मालिका संपली. आज तिचे नाव काढले तर माझ्या वर्गातल्या दहांपैकी आठ जण विचारतात, 'अशी मालिका होती?'

४/ होती. आणि आमच्या घरी ती पाहिली जात असे, कारण रिमोट आजीच्या हाती असे. आजी वर्धा जिल्ह्यातली, शेतावर राबलेली. तिने पहिल्या आठवड्यातच निकाल दिला : 'हा देव बोलतेच जास्त रे बाप्पा. काम कधी करन हा?' तेव्हा आम्ही हसलो. पुढे एम.ए.ला संतचरित्रांचा अभ्यास करताना लक्षात आले, की आजीने नकळत या साऱ्या प्रकाराची मर्मस्थानी परीक्षा केली होती. ते कसे, हे सांगण्याआधी परदेशातले दोन-चार दाखले पाहू.

५/ ख्रिस्ती जगात प्रत्येक माणसामागे एक रक्षक देवदूत नेमलेला असतो, अशी जुनी श्रद्धा आहे. अमेरिकेच्या चित्रपटांनी तिला विनोदी वळण दिले. फ्रँक काप्राच्या १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' मध्ये क्लॅरन्स नावाचा दुय्यम दर्जाचा देवदूत येतो. त्याला अजून पंखच मिळालेले नाहीत. एका हताश माणसाला आत्महत्येपासून परावृत्त केले, तर ते मिळणार. हा चित्रपट पहिल्या प्रदर्शनात खर्चही भरून काढू शकला नाही. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, वाहिन्या तो जवळजवळ फुकटात दाखवू लागल्या, आणि मग तो दर नाताळचा अविभाज्य भाग झाला. एखाद्या कलाकृतीचे भाग्य कधी कधी कार्यालयीन विसराळूपणामुळे उजळते, ते असे.

६/ दूरचित्रवाणीवर मात्र देवदूतांना घर लाभले नाही. १९६५ च्या सप्टेंबरात सीबीएसवर 'द स्मदर्स ब्रदर्स शो' सुरू झाला. टॉम आणि डिक हे दोघे भाऊ लोकगीते गात गात एकमेकांशी हुज्जत घालणारे लोकप्रिय कलावंत. मालिकेत टॉम समुद्रात बुडून मेलेला असतो आणि दोन वर्षांनी उमेदवार देवदूत होऊन भावाच्या घरी परततो. एका हंगामात, ३२ भागांत, एप्रिल १९६६ ला हा प्रयोग संपला. ज्या गाण्यांसाठी आणि थट्टेसाठी लोक त्यांना ओळखत, त्यांना या कथेत जागाच उरली नव्हती. १९६७ मध्ये हेच दोघे देवदूत वगैरे सोडून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने बोलू लागले. व्हिएतनाम युद्धावरच्या त्यांच्या टीकेने वाहिनी इतकी हवालदिल झाली, की १९६९ मध्ये तो कार्यक्रमच बंद केला गेला. देवदूत असताना कुणी घाबरले नव्हते, हे ध्यानात घ्या.

७/ १९९७ मध्ये एबीसीवर 'टीन एंजल' आली. तिच्यातला मुलगा पलंगाखाली सहा महिने पडून राहिलेला बर्गर खाऊन मरतो आणि जिवलग मित्राचा रक्षक देवदूत होऊन परत येतो. १७ भाग. याउलट 'हायवे टू हेवन' पाच हंगाम आणि 'टच्ड बाय अॅन एंजल' नऊ हंगाम चालली. या दोन्ही हसवणाऱ्या मालिका नव्हत्या, हा एक फरक. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांतला देवदूत एकाच घरात मुक्काम ठोकत नाही. आज या गावी, या दुःखी माणसाकडे. काम झाले की पुढच्या गावी. (कार्ल रायनरची १९७६ ची 'गुड हेवन्स' हीदेखील दर भागात नव्या माणसाकडे जाई, आणि तरी १३ भागांत आटोपली. म्हणजे माझा नियम पक्का नाही. पण दिशा दाखवण्यापुरता पुरे.)

८/ आता घरी येऊ. मराठी मनातला पाठीराखा देवदूत नाही, त्याला पंख नाहीत आणि तो वरच्या कचेरीतून नेमलेलाही नाही. कोकणात त्याचे नाव राखणदार. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा घ्या. लोक त्याला केळीचे घड वाहतात आणि चामड्याच्या प्रचंड वहाणा वाहतात. का? तर तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. देव आहे याचा पुरावा काय, तर झिजलेला तळवा! इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून गोड साधन मिळणे कठीण. वेतोबा सल्ला देत नाही. तो गस्त घालतो.

९/ देशावर आणि मराठवाड्यात ही भूमिका विठ्ठलाकडे आली. आणि तिचे सर्वात सविस्तर दफ्तर लिहिले महिपतीने. महिपती (१७१५-१७९०) हा राहुरीजवळच्या ताहराबादचा कुलकर्णी. म्हणजे हिशेब, पावत्या, वसुली यांत वाढलेला माणूस. १७६२ मध्ये, पानिपताच्या दुसऱ्याच वर्षी, त्याने 'भक्तविजय' पूर्ण केला. सारा मराठी मुलूख घराघरांत माणसे मोजत होता, कोण परतले आणि कोण नाही. त्या काळात हा कवी देव माणसाच्या मदतीला कसा धावून येतो याच्या कथा ओवीबद्ध करत होता. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध मी सिद्ध करू शकत नाही. पण तारखा शेजारी ठेवल्या की मन थबकते.

१०/ या कथांतला देव काय करतो, ते नीट पाहा. जनाबाईबरोबर तो दळतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे जाते आजही दाखवतात. पैठणला एकनाथांच्या (१५३३-१५९९) घरी तो श्रीखंड्या नावाचा गडी होऊन राहतो आणि बारा वर्षे कावडीने पाणी भरतो. कऱ्हाडच्या सखूला सासरच्यांनी खांबाला बांधून ठेवले, तर तिच्या जागी स्वतःला बांधून घेतो आणि तिला वारीला पाठवतो. मंगळवेढ्याच्या दामाजीसाठी तो पैशांची थैली घेऊन बेदरला पायपीट करतो. दळण, पाणी, सासुरवास, थकबाकी. प्रवचन कुठेही नाही. माणसाच्या वाट्याचे जे सर्वात कंटाळवाणे, सर्वात जड काम, ते तो उचलतो.

११/ आणि या कथांत विनोद नाही असे समजू नका. सखूची कथाच घ्या. सखू पंढरपुरात पोहोचते आणि तिथेच तिचा अंत होतो. आता पंचाईत अशी, की कऱ्हाडात सून होऊन राबणाऱ्या विठोबाची सुटका कशी व्हावी? खरी सून परतणारच नसेल, तर देवाने आयुष्यभर सासूची बोलणी खात राहायचे काय? शेवटी रुक्मिणी काळजीत पडते आणि नवरा परत मिळावा म्हणून सखूला जिवंत करते. कुठल्याही वाहिनीच्या लेखकांच्या बैठकीत हे कथानक आज मांडले, तर ते तत्काळ मंजूर होईल.

१२/ जनाबाईच्या कथेत तर देवाची मदत अंगाशीच येते. दळून, गप्पा मारून विठोबा पहाटे घाईत निघतो. स्वतःचे रत्नजडित पदक तिथेच विसरतो आणि तिची वाकळ पांघरून राउळात जाऊन उभा राहतो. सकाळी बडवे पाहतात तो पदक गायब! चोरीचा आळ जनीवर येतो, तिला सुळावर चढवायला नेतात, आणि मग त्या सुळाचे पाणी होते. देवाच्या विसराळूपणाने भक्त संकटात सापडतो आणि देवालाच ते निस्तरावे लागते. गोंधळ, अदलाबदल, चुकीच्या ठिकाणी सापडलेली वस्तू : प्रहसनाची सगळी सामग्री सातशे वर्षांपूर्वीच्या एका दासीच्या कथेत भरलेली आहे.

१३/ पण या कथांना एक शिस्त आहे, आणि माझ्या मते सगळे मर्म त्या शिस्तीत आहे. देव ओळखू येतो तो निघून गेल्यावर. श्रीखंड्या बारा वर्षे घरात वावरला, तोवर तो केवळ गडी होता. द्वारकेहून एक ब्राह्मण कृष्णाला शोधत पैठणला आला आणि 'तो तुमच्याकडे आहे' म्हणाला, तेव्हा श्रीखंड्या नाहीसा झाला होता. दामाजीला कळले ते पोथीत सापडलेल्या पावतीवरून. विठू रक्कम भरून, पावती ठेवून, केव्हाच गेलेला. मागे उरते काय, तर रिकामी कावड आणि सही-शिक्क्याचा कागद. मागच्या काचेवरचे वाक्य चालकाला दिसत नाही, तसेच हे.

१४/ पडद्यावर ही शिस्त काही काळ टिकली. प्रभात कंपनीचा १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम सगळ्यांना आठवतो. मला मात्र त्यात गौरीबाईंची जिजाई जास्त मोठी वाटते. मूल तापाने फणफणलेले, घरात दाणा नाही, आणि ही बाई वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. त्या प्रसंगात हसूही येते आणि घशात आवंढाही येतो. राखणदाराला वहाण वाहणारी आणि राखणदारावर वहाण उगारणारी, ही दोन्ही माणसे एकाच परंपरेतली. १९४१ मध्ये प्रभातनेच 'संत सखू' काढला, त्यात सखू होती हंसा वाडकर.

१५/ मग दूरचित्रवाणी आली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' ही मालिका गाजली. मराठी घरगुती विनोदी मालिकेचा साचा तिथे पडला. दिलीप प्रभावळकरांचा भित्रा चिमणराव आणि बाळ कर्वेंचा धट्टाकट्टा गुंड्याभाऊ. जरा विचार करा : चिमणरावाला देवाची गरजच नव्हती, कारण त्याच्या पाठीशी गुंड्याभाऊ होता. मावसभाऊ हाच पाठीराखा! त्यानंतर १९८२ च्या 'एक डाव भुताचा' मध्ये अशोक सराफ आणि प्रभावळकर एकत्र आले, तेव्हा मास्तराच्या मदतीला आला तो देव नसून इतिहासकाळातल्या मावळ्याचे भूत होते. भूत असल्याचा फायदा असा, की ते चुकू शकते, रुसू शकते, त्याचीही काही अडचण असू शकते.

१६/ नेमकी इथेच 'देवाशप्पथ' सारख्या कल्पनेची कोंडी होते. देव सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान. त्याला अडचण नाही. तो सोफ्यावर बसला आहे आणि मनात आणले तर पाचव्या मिनिटाला सगळे सुरळीत करू शकतो. मग गोष्ट कशी चालायची? एकच मार्ग उरतो : देवाने हात बांधून घ्यायचे आणि बोलत राहायचे. तो समुपदेशक होतो, मार्मिक टोमणे मारतो, भागाच्या शेवटी डोळे मिचकावतो. आजीची तक्रार आठवा. श्रीखंड्याने बारा वर्षांत केलेल्या कामाची जागा इथे संवादांनी घेतली.

१७/ दुसरी कोंडी नास्तिकाची. २०१२ च्या 'ओह माय गॉड' ने देव न मानणारा माणूस आणि माणसासारखा कृष्ण ही जोडी हिंदीत लोकप्रिय केलेली होती. पण तिथला नास्तिक न्यायालयात देवाविरुद्ध खटला लढतो, त्याच्या हाती काही डाव असतात. मालिकेत पहिल्याच भागात देव प्रत्यक्ष दिसतो. प्रेक्षकाने त्याला पाहिले आहे. मग श्लोकच्या नास्तिकतेत उरले काय? तो चुकीचा आहे हे आपल्याला आधीपासून माहीत. आपण फक्त तो कधी मान्य करतो याची वाट पाहणार. ज्या महाराष्ट्रात आगरकरांपासून दाभोलकरांपर्यंत नास्तिकतेला आणि विवेकवादाला स्वतःचा भारदस्त इतिहास आहे, तिथे हा सामना फार एकतर्फी होतो. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. मालिकेने त्या जखमेला हात लावावा अशी अपेक्षा मी करत नाही. पण नास्तिक नायक निवडला, तर त्याला एखादा तरी खरा मुद्दा द्यायला हवा, एवढे मात्र म्हणेन.

१८/ तिसरे कारण निव्वळ गणिताचे. दूरदर्शनच्या काळात मालिका आठवड्यातून एकदा येई. १३ भागांचे गठ्ठे असत. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही २००१ पासूनची गाजलेली मालिकाही साप्ताहिकच होती. पुढे मराठी वाहिन्यांवर दैनंदिन मालिकांचे राज्य आले. आठवड्याला पाच भाग धरले, तर स्मदर्स बंधूंचे वर्षभराचे ३२ भाग सात आठवड्यांच्या आत संपतात. चमत्कार रोज रात्री ठरल्या वेळी होऊ लागला की तो चमत्कार राहत नाही, वेळापत्रक होतो. झी टीव्हीवरची 'नीली छत्री वाले' ही शंकर आणि कानपूरचा एक गांजलेला गृहस्थ यांची हिंदी मालिका २०१४ ते २०१६ टिकली. ती फक्त शनिवार-रविवारी लागे.

१९/ प्रेक्षकाला देवाचा कंटाळा आला होता म्हणावे, तर तेही खरे नाही. 'जय मल्हार' २०१४ ते २०१७ अशी तीन वर्षे चालली. डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'जय जय स्वामी समर्थ' ने तर हजार भागांचा टप्पा ओलांडला. तिची रचना पाहा. स्वामी एकाच घरात बसून राहत नाहीत. नवा भक्त, नवे संकट, मग पुढचा भक्त. अमेरिकेतल्या दीर्घायुषी देवदूतांचा हाच मार्ग होता. महिपतीचाही हाच. 'भक्तविजय' हा ग्रंथ तरी काय आहे? एक कथा संपली की दुसऱ्या भक्ताचे गाव.

२०/ इथवर सगळे मजेचे झाले. आता मंगळवेढ्याला जाऊ, कारण त्या गावापाशी ही कल्पना मला सर्वात जड जाते. दामाजी हा बहामनी राजवटीतला तिथला अंमलदार. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात माणसे तडफडून मरू लागली, तेव्हा त्याने सरकारी धान्याची कोठारे लुटवली. तक्रार बेदरला गेली, त्याला पकडून आणण्याचा हुकूम सुटला. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि दरबारात जाऊन सगळी रक्कम चुकती केली. मराठी देवाने घेतलेल्या रूपांत हे रूप फार बोलके आहे. गावचा वसूल वाहून नेणे, निरोप पोहोचवणे हे महाराचे वतनी काम. देवाने नेमके तेच काम उचलले. महारांच्या बावन्न हक्कांची आख्यायिकाही बेदरच्याच बादशहाशी जोडलेली आहे, हे इथे लक्षात ठेवावे.

२१/ पण याच मंगळवेढ्यात, दामाजीच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, गावकुसाच्या भिंतीचे बांधकाम चालू होते. वेठीला धरलेल्या मजुरांत चोखोबा होते. भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांसह तिच्याखाली गेले. परंपरा वर्ष देते शके १२६०, म्हणजे १३३८. नामदेव पुढे अस्थी शोधायला आले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी झाली. देवळाबाहेर. एरवी देव चोखोबांबरोबर ढोरे ओढायला येतो अशी कथा आहे. भिंत सावरायला आला अशी कथा परंपरेने रचली नाही.

२२/ म्हणजे एकाच गावात दोन गोष्टी. अंमलदाराला वाचवायला देव महार होऊन येतो, आणि खरा महार भिंतीखाली जातो. परंपरेने हे दोन्ही जपून ठेवले, लपवले नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पुढे त्या देवळाचे दार दलितांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. विठू महाराच्या रूपाची कथा शतकानुशतके कीर्तनात रंगत होती, पण त्या रूपाच्या माणसांना उंबरा ओलांडता येत नव्हता.

२३/ मी हे नागपुरात बसून लिहितो आहे. मनीषनगरहून वर्धा रोडला लागून शहराकडे निघालो की थोड्याच वेळात दीक्षाभूमी येते. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश आणि राम-कृष्ण यांना देव न मानण्याचा निर्धार आहे. मंगळवेढ्याची भिंत डोळ्यांसमोर ठेवून त्या प्रतिज्ञा वाचल्या, तर त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो : आमच्यासाठी कुणी येईल म्हणून आता आम्ही थांबणार नाही.

२४/ माझा एक वर्गमित्र दर वर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानावर उभा असतो. त्याला मी 'देवाशप्पथ' विषयी विचारले. तो म्हणाला, 'आमच्या घरी लागायचीच नाही. राग वगैरे काही नाही. तो देव कोणाकडे आला, हे पाहिलं ना? ज्यांच्याकडे आधीच देव्हारा होता त्यांच्याकडे.' मी या धाग्यासाठी बरेच वाचले, पण टीआरपीच्या कुठल्याही चर्चेपेक्षा हे वाक्य मला अधिक उपयोगी पडले.

२५/ आजी आता नाही. तिच्या निकालाविषयी मात्र एक पुरवणी जोडतो. गेल्या वर्षी अभ्यासाच्या निमित्ताने पैठणला गेलो होतो. श्रीखंड्या ज्या रांजणात पाणी भरत असे म्हणतात, तो रांजण नाथांच्या वाड्यात आहे. फाल्गुनात नाथषष्ठीच्या आधी लोक घागरी घेऊन रांगेत उभे राहतात आणि गोदावरीचे पाणी त्यात ओततात. रांजण कधी भरेल हे कुणालाच ठाऊक नसते. ज्याच्या घागरीने तो काठोकाठ भरून ओसंडतो, त्याच्या रूपाने देव येऊन गेला असे मानतात आणि त्याचा सन्मान करतात. मी गेलो तो उत्सवाचा काळ नव्हता. वाड्यात दोघी बायका फरशी पुसत होत्या. त्यांतल्या एकीला मी विचारले, की रांजण भरला हे ज्याच्या हातून भरला त्याला आधी कळते का? ती पोछा पिळत म्हणाली, 'त्याला कसं कळंल? त्याचं ध्यान घागरीत असतंय. मागचे वरडतेत, तवा कळतं.'